‘माझा स्वभावच असा आहे’ म्हणण्याआधी

लग्नाची बोलणी असोत, शाळेतली पालकसभा असो की सोसायटीच्या मीटिंगनंतरच्या गप्पा, माणसाचं वर्णन आपण दोन शब्दांत उरकतो. मुलगा शांत आहे. ती जरा तापट आहे. तो ना, एकलकोंडा. स्वतःवर वेळ आली की ठरलेलं वाक्य येतं: ‘माझा स्वभावच असा आहे.’ या वाक्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. माणूस खरोखर कसा वागतो, त्याचा कल कुठे असतो, ही एक. आपण कसे आहोत याबद्दल त्याने स्वतःचं करून घेतलेलं मत, ही दुसरी. मानसशास्त्र पहिलीला व्यक्तिमत्त्व म्हणतं आणि दुसरीचा विचार ‘स्व’ या संकल्पनेत करतं. दोन्ही नेहमी जुळतातच असं नाही. त्या वेगळ्या करून पाहता आल्या, तर स्वतःवर आणि घरच्या माणसांवर आपण नकळत करत असलेले बरेच अन्याय टळतील, असं मला मनापासून वाटतं.

आधी व्यक्तिमत्त्व. उंचापुरा, रुबाबदार माणूस दिसला की आपण ‘काय पर्सनॅलिटी आहे!’ म्हणतो, आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत सभाधीटपणा शिकवतात. मानसशास्त्राला यातलं काही अभिप्रेत नाही. चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या माणसालाही तेवढंच पूर्ण व्यक्तिमत्त्व असतं. विचार करण्याची, भावना अनुभवण्याची आणि वागण्याची जी ठेवण एखाद्या माणसात वर्षानुवर्षं दिसत राहते, ते त्याचं व्यक्तिमत्त्व.

आता ही ठेवण मोजायची कशी? १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकी अभ्यासकांनी इंग्रजीचा जाडजूड शब्दकोश घेतला आणि माणसांतले फरक सांगणारे शब्द वेचून काढले. जवळपास १८,००० शब्द निघाले. यामागचा तर्क साधा होता: माणसांबरोबर राहताना जो गुण खरोखर महत्त्वाचा ठरतो, त्याला लोकांनी कधी ना कधी शब्द घडवलेलाच असणार. मराठीतही पाहा ना. भिडस्त, आगाऊ, हेकट, धांदरट, मायाळू, चेंगट, उधळ्या, मोकळाढाकळा. पुढच्या अभ्यासकांनी असे शब्द शेकडो माणसांना लावून पाहिले आणि कोणते गुण एकत्र येतात याचं गणित मांडलं. जो माणूस टापटिपीचा, तो बहुधा वेळ पाळणाराही निघतो. जो धांदरट, तो दिलेली कामं अर्धवट सोडणाराही. १९६१ साली अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या अर्नेस्ट ट्यूप्स आणि रेमंड क्रिस्टल यांना वेगवेगळ्या लोकसमूहांच्या माहितीत पुन्हापुन्हा गुणांचे पाचच मोठे गट दिसले. लुईस गोल्डबर्ग यांनी १९८१ साली त्यांना ‘बिग फाइव्ह’ हे नाव दिलं आणि ते रुळलं.

या पाचांतला सगळ्यात जास्त गैरसमज झालेला गुण म्हणजे बहिर्मुखता, म्हणजे लोकांत आणि गडबडीत रमण्याचा कल. त्याचं दुसरं टोक अंतर्मुखता. आपल्याकडे कमी बोलणारं मूल दिसलं की ‘लाजाळू आहे हो’ म्हणून विषय संपतो. पण लाजाळूपणा आणि अंतर्मुखता या वेगळ्या गोष्टी आहेत. लाजाळू माणसाला लोकांत मिसळायचं असतं, पण लोक आपल्याला नावं ठेवतील याची भीती आडवी येते. अंतर्मुख माणसाला भीती नसते. गर्दी, गोंगाट, सतत नवं काहीतरी घडणं यांची त्याला गरजच कमी असते. तो हजार माणसांपुढे उत्तम व्याख्यान देईल आणि नंतरच्या जेवणावळीला न थांबता घरी जाईल. लाजाळू मुलाला आधाराची गरज असू शकते. अंतर्मुख मुलाला ‘जरा बोलता हो’ असं ऐकवत राहणं म्हणजे काहीच न बिघडलेलं दुरुस्त करायला घेणं.

दुसरा गुण काटेकोरपणाचा: विजेचं बिल मुदतीआधी भरणारी, ठरवलेलं तडीस नेणारी वृत्ती. दिसायला हा सगळ्यात नीरस, पण त्याचे परिणाम लांबवर जातात. लुईस टर्मन यांनी १९२१ साली कॅलिफोर्नियातल्या हुशार मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू केला होता. पुढे अनेक दशकांनी, १९९३ मध्ये, हॉवर्ड फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी तीच माहिती तपासली, तेव्हा लहानपणी काटेकोर आणि भरवशाची मानली गेलेली मुलं सरासरीने जास्त जगल्याचं त्यांना आढळलं. तिसरा गुण सौहार्दाचा, म्हणजे दुसऱ्याशी जुळवून घेण्याचा आणि त्याच्यावर विश्वास टाकण्याचा. चौथा, नव्या अनुभवांबद्दलच्या खुलेपणाचा. पाचवा भावनिक अस्थिरतेचा: चिंता, चीड, उदासी किती चटकन येते आणि किती वेळ रेंगाळते. हा आजार नव्हे. आपल्या सगळ्यांत तो कमी-अधिक असतोच.

‘कमी-अधिक’ हाच यातला कळीचा शब्द. हे गुण उंचीसारखे आहेत. जगात ‘उंच’ आणि ‘बुटके’ असे दोन कप्पे नसतात. बहुतेक माणसं मधल्या उंचीची आणि टोकाची थोडी. बहिर्मुखतेचंही तसंच. म्हणून माणसांना प्रकारांत बसवणाऱ्या चाचण्यांबद्दल सावध राहावं. इझाबेल ब्रिग्ज मायर्स आणि त्यांच्या आई कॅथरीन ब्रिग्ज यांनी तयार केलेली, सोळा प्रकार सांगणारी चाचणी आपल्याकडच्या कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांतही वापरली जाते. तिची अडचण कप्प्यांतूनच येते. मधोमध असलेला माणूस दोन-चार उत्तरं बदलली की रेषेच्या पलीकडे जातो, आणि काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच लोकांचा प्रकार बदलतो. गप्पांना विषय म्हणून ठीक आहे, पण कुणाला कोणतं काम द्यायचं हे त्यावरून ठरवू नये.

मग अशी वर्णनं वाचून ‘अगदी मीच!’ असं का वाटतं? १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं ‘खास’ वर्णन लिहून दिलं. किती जुळलं याला पाचपैकी गुण द्या, असं सांगितलं. सरासरी ४.२६ आली. त्यानंतर कळलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातली वाक्यं फोररने बाजारातल्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतली होती. ‘लोकांनी आपल्याला मान द्यावा असं तुम्हाला वाटतं, पण तुम्ही स्वतःवर फार टीका करता’, अशा धाटणीची ती वाक्यं. हे कुणाला लागू पडणार नाही? सकाळी वर्तमानपत्रातलं राशीभविष्य वाचताना होणारी पटापट ओळख याच वाटेने येते.

गुणांच्या या मोजदादीवर एक गंभीर आक्षेपही घेतला गेला. बाहेर सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस घरी बायकोमुलांवर खेकसतो, तर त्याचा खरा स्वभाव कोणता? १९६८ साली वॉल्टर मिशेल यांनी उपलब्ध संशोधन तपासून दाखवलं की, व्यक्तिमत्त्व चाचणीतल्या गुणांवरून एखाद्या विशिष्ट प्रसंगातल्या वागण्याचा अंदाज फारच बेताचा येतो. दोन्हींतला सहसंबंध (अजिबात जुळत नसेल तर ०, पूर्ण जुळलं तर १) साधारण ०.३ च्या वर क्वचितच जातो. यावरून बरीच वर्षं वाद झडले. त्यातून निघालेलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. एक प्रसंग पाहिला तर परिस्थितीचा जोर दिसतो, पण शंभर प्रसंगांची सरासरी काढली की माणसाचा कल स्पष्ट उमटतो. शिवाय बदलण्यालाही एक नक्षी असते. मिशेल, युइची शोदा आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका उन्हाळी शिबिरात मुलांचं दीर्घकाळ निरीक्षण केलं. दोन मुलं सारखीच भांडखोर वाटत होती; पण एकाचा भडका बरोबरीच्या मुलांनी डिवचलं की उडे, तर दुसऱ्याचा मोठ्यांनी दटावलं की. दोघांनाही ‘तापट’ म्हणून मोकळं झालं, तर मदत कुठे करायची तेच हरवतं. ‘तो चिडका आहे’ याऐवजी ‘अमुक झालं की तो चिडतो’ असं म्हणून पाहा. मूल असो वा सासरे, त्यांना समजून घेण्याची वाट तिथून सुरू होते.

इथवर बाहेरून दिसणाऱ्या माणसाबद्दल बोललो. आता आतून दिसणाऱ्याबद्दल.

बाळाच्या नाकाला नकळत लाल रंगाचा ठिपका लावून त्याला आरशासमोर बसवलं, तर साधारण दीड वर्षाआधी ते आरशातल्या ‘दुसऱ्या’ बाळाकडे पाहून हसतं किंवा आरशाला हात लावतं. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलांचा हात स्वतःच्या नाकाकडे जायला लागतो. बेउला ॲमस्टरडॅम यांनी हा प्रयोग १९७२ साली प्रसिद्ध केला. त्याआधी १९७० मध्ये गॉर्डन गॅलप यांनी चिंपांझींवर असाच प्रयोग केला होता. हात नाकाकडे जातो तेव्हा एक मोठी गोष्ट घडलेली असते. पाहणाराही मी आणि जो दिसतो आहे तोही मीच, हे बाळाला उमगलेलं असतं.

विल्यम जेम्स यांनी १८९० सालीच ‘स्व’ची ही दोन अंगं मांडली होती: जाणणारा मी आणि जाणला जाणारा मी. जाणल्या जाणाऱ्या ‘मी’त शरीराबरोबर घर, मुलंबाळं, हातून झालेलं काम, नावलौकिक हे सगळं येतं, असं त्यांचं म्हणणं. नव्या गाडीवर ओरखडा उठला की आपल्याच अंगावर उठल्यासारखं वाटतं, ते त्यामुळे. जितके लोक आपल्याला ओळखतात तितके आपले सामाजिक ‘स्व’ असतात, असंही त्यांनी लिहिलं. आईसमोरचे आपण, साहेबांसमोरचे आपण आणि शाळेतल्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे आपण, यांतला कुणी एकच खरा आणि बाकीचे मुखवटे, असं मानायचं कारण नाही.

स्वतःबद्दलचं हे मत तयार होतं कसं? चार्ल्स कूली यांनी १९०२ साली त्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. मी दुसऱ्याला कसा दिसत असेन याची कल्पना, तो माझ्याबद्दल काय ठरवत असेल याची कल्पना, आणि त्यावरून वाटणारा अभिमान किंवा लाज. पहिल्या दोन्ही पायऱ्या कल्पनेच्या आहेत, हे विसरू नका. ‘लोक काय म्हणतील’ या तीन शब्दांवर आपल्याकडे किती शिक्षणं, किती लग्नं, किती कपडे ठरतात! आणि लोक खरोखर किती पाहत असतात? २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना गायक बॅरी मॅनिलो याचं चित्र असलेला, त्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्या लोकांच्या नजरेत हा आला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आला होता.

‘मी कोण?’ या प्रश्नाचं उत्तर सगळीकडे सारखं येत नाही. हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांनी १९९१ साली दाखवलं की अमेरिकेसारख्या समाजात माणूस स्वतःला इतरांपासून वेगळं, स्वतंत्र एकक मानतो, तर जपानसारख्या अनेक समाजांत नात्यांच्या जाळ्यातला एक धागा मानतो. आपल्या घरांत दोन्ही आढळतात. ‘मी थोरला आहे, मला बघावंच लागणार’ म्हणणारा माणूस जबाबदारीबद्दल बोलत असतोच, पण आपण कोण आहोत हेही तो सांगत असतो. त्याला ‘स्वतःसाठी जग’ एवढाच सल्ला देणं अपुरं पडतं, कारण त्याच्या ‘स्व’त धाकटी बहीण आधीपासून बसलेली असते.

‘स्व’चा सगळ्यात जास्त बोलला जाणारा भाग म्हणजे आत्मसन्मान, स्वतःची आपण करतो ती किंमत. जेम्स यांनी यासाठी अपूर्णांक मांडला होता: मिळालेलं यश भागिले बाळगलेली अपेक्षा. ग्रीक भाषेतलं आपलं अज्ञान आपल्याला जराही टोचत नाही, पण मानसशास्त्रात कुणी आपल्यापेक्षा सरस निघालं तर लागतं, असं त्यांनी स्वतःबद्दल लिहिलं आहे. पुढे टोरी हिगिन्स यांनी १९८७ मध्ये अपेक्षांचेही दोन भाग केले. आपल्याला जसं व्हावंसं वाटतं त्यापासून दूर राहिलो तर निराशा येते. जसं असायलाच हवं असं वाटतं त्यापासून दूर राहिलो तर चिंता आणि अपराधीपणा. दहावी-बारावीच्या निकालानंतर खोलीत कोंडून बसलेलं मूल यातल्या कोणत्या दरीत आहे, हे ओळखणं गरजेचं आहे. अनेकदा ‘असायलाच हवं’ हे माप त्याचं नसतंच. ते आपण त्याच्या हातात दिलेलं असतं.

मग आत्मसन्मान वाढवला की सगळं सुधारेल का? कॅलिफोर्निया राज्याने १९८६ साली त्यासाठी कृती दलच नेमलं होतं. पण रॉय बाऊमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा वरचा आत्मसन्मान असलेले लोक जास्त आनंदी असतात हे दिसलं, पण आत्मसन्मानामुळे अभ्यास किंवा काम सुधारतं याला फारसा आधार मिळाला नाही. संबंध बराचसा उलट दिशेचा होता: काम जमलं की आत्मसन्मान वाढतो. ‘तू किती हुशार आहेस’ असं उठताबसता सांगण्यावर माझा विश्वास उरलेला नाही, तो यामुळे.

त्याऐवजी ज्या कल्पनेकडे पालकांनी आणि शिक्षकांनी वळावं असं मला वाटतं, ती अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली मांडलेली स्व-क्षमतेची. ‘मी चांगला आहे’ आणि ‘मला हे जमेल’ यांत फरक आहे. दुसरं वाक्य त्या त्या कामापुरतं असतं. गावाकडे विहिरीत पोहायला शिकणाऱ्या मुलात ते कसं घडतं पाहा. पाठीला डबा किंवा सुके भोपळे बांधून ते पहिल्यांदा काठापासून काठापर्यंत येतं. स्वतः करून पाहिलेलं यश, बंडुरांच्या मते, सगळ्यात पक्का पुरावा. आपल्याच वयाचा चुलतभाऊ बिनधास्त उडी मारताना दिसतो. आपल्यासारख्याला जमताना पाहणं, हा दुसरा. काका वरून ओरडतात, ‘येतंय तुला, मार हात’. हा तिसरा, आणि एकट्याने तो फारसा पुरत नाही. चौथा पुरावा शरीराचा: छाती धडधडते आहे ती भीतीने की हुरूपाने, हे मूल स्वतःच ठरवत असतं. गणिताच्या पेपरलाही याच चार वाटा आहेत. नुसतं ‘घाबरू नकोस’ म्हणणं ही त्यातली फक्त तिसरी.

राहिला प्रश्न बदलाचा. ‘स्वभावाला औषध नाही’ असं आपण म्हणतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून व्यक्तिमत्त्वाची आनुवंशिकता साधारण ४० ते ५० टक्के निघते. याचा अर्थ तुमचा निम्मा स्वभाव आईवडिलांकडून आला, असा नाही. मोठ्या समूहातल्या माणसामाणसांतले जे फरक आहेत, त्यांतला तेवढा वाटा जनुकांतल्या फरकांशी जोडता येतो, इतकंच. त्यातून आणखी एक गोष्ट निघते, तीही चकित करणारी आहे. एका घरात वाढल्यामुळे भावंडांचे स्वभाव फारसे सारखे होत नाहीत. एकाच ताटात जेवलेले दोन भाऊ दोन टोकांचे असणं यात संस्काराची चूक शोधू नये.

पण आनुवंशिक म्हणजे न हलणारं नव्हे. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ साली अनेक दीर्घकालीन अभ्यास एकत्र केले. वयाबरोबर माणसं सरासरीने अधिक काटेकोर आणि भावनिकदृष्ट्या अधिक स्थिर होत जातात, आणि यातला मोठा बदल साधारण २० ते ४० या वयात, नोकरी-संसाराच्या वर्षांत होतो. त्यांच्याच २०१७ च्या आढाव्यात मानसोपचारांनंतर भावनिक अस्थिरता काही आठवड्यांत मोजता येईल इतकी कमी झालेली दिसली. म्हणजे औषध आहे, फक्त त्याने माणूस उलटापालटा होत नाही. नेथन हडसन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की बदलायची इच्छा एकटी कामाची नाही. दर आठवड्याला नेमून घेतलेल्या छोट्या कृती, जसं की दुकानदाराशी दोन वाक्यं बोलणं, ज्यांनी खरोखर पार पाडल्या, त्यांचा स्वभाव त्या दिशेने सरकला. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौदाव्या दशकात हाच प्रश्न हाताळला आहे. रूप अभ्यासाने येत नाही, सहज म्हणजे उपजत गुणांपुढे उपाय चालत नाही, म्हणून आगंतुक, म्हणजे शिकून येणाऱ्या गुणांची तरी कास धरावी, असं ते सांगतात. सहज गुणही थोडेफार हलतात, एवढी भर आता त्यात घालता येते.

शेवटी, आपल्याला कोण जास्त ओळखतं, आपण की आपली माणसं? सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये हे तपासलं. बडबडेपणासारखे उघड दिसणारे गुण दोघांनाही सारखेच कळतात. बुद्धी, सर्जनशीलता अशा ज्या गुणांत आपला अहंकार गुंतलेला असतो, त्यांत मित्र अधिक अचूक ठरतात. तिथे स्वतःचं मत बाजूला ठेवून त्यांना विचारलेलं बरं. पण चिंता, बेचैनी, स्वतःबद्दलची शंका यांत माणूस स्वतः जे सांगतो तेच जास्त खरं निघतं, कारण ते बाहेरून दिसतच नाही. घरातलं सगळ्यात हसरं मूल ‘मला आतून भीती वाटते’ म्हणालं, तर ‘तुझा स्वभाव तसा नाही’ असं त्याला सांगू नका. याबाबतीत त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.